वाचकांचे प्रश्न : चिडचिड कोणत्या तारखेची?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला ट्रान्स पुरुष (जन्मताना मुलगी म्हणून नोंद, पण मी पुरुष), वय 24. पाच महिने झाले, दर 15 दिवसांनी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन घेतो. पाळी थांबली, आवाज फुटला, त्याचा आनंद आहे. पण मधूनच अशी चिडचिड होते की मायवरही ओरडतो. रडू मात्र येत नाही. माझा निर्णय चुकला का?

उत्तर : आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. इंजेक्शनच्या तारखांना गोल करा आणि रोज रात्री त्या चौकटीत लिहा : झोप किती तास, चिडचिड दहापैकी किती, दिवसभरात काय घडलं. असं दोन महिने. तेलातलं हे औषध टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातली पातळी वर चढते आणि पुढच्या इंजेक्शनच्या तोंडावर तळाला येते. मोठे आकडे बाराव्या-तेराव्या दिवशी पडत असतील तर पातळी उतरल्याचा संशय घ्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडत असतील तर चढल्याचा. अशा वेळी डॉक्टर बरेचदा डोस निम्मा करून दर आठवड्याला देतात. ते कॅलेंडरच त्यांना दाखवा. मनाने डोस वाढवू नका. मिशी लवकर फुटत नाही, रक्त मात्र घट्ट होतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) तपासायचं ते यासाठीच.

आकडे इंजेक्शनशी जुळलेच नाहीत, आठवडी बाजाराशी किंवा काका येऊन जातात त्या दिवसाशी जुळले, तर डोस बदलून काही होणार नाही. आणखी एक : छाती क्रेप बँडेजने आवळत असाल तर ते सोडा. ते श्वासागणिक घट्ट होत जातं, आणि मे महिन्यात टिनाच्या घरात त्याने कोणाचंही डोकं फिरेल. बाइंडरही (छाती सपाट दिसावी म्हणून घालायची घट्ट बंडी) आठ तासांच्या वर नको, झोपताना तर नाहीच.

टेस्टोस्टेरॉनवर रडू येईनासं झाल्याचं अनेक जण सांगतात. दुःख असतंच, फक्त डोळ्यांवाटे निघत नाही आणि मग रागाच्या तोंडून बोलतं.

निर्णयाचं म्हणाल तर चिडचिड म्हणजे पस्तावा नव्हे. जुना आवाज परत हवा असं वाटतं का, एवढं स्वतःला विचारा. तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना गाठा, कारण फुटलेला आवाज औषध थांबवून परत येत नाही. तुमच्या पत्रात तरी त्या आवाजाचा आनंदच दिसतो.

प्रश्न : माझी मुलगी आता मुलगा म्हणून राहते. महालक्ष्म्यांच्या वेळी घर सुनं वाटलं. त्याच्यापुढे रडावं का? (एक आई, वर्धा जिल्हा)

उत्तर : रडा, पण बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी. त्याच्यापुढे रडलात तर तो स्वतःला गुन्हेगार समजेल. ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्या कोणाकडे नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच अशा उपचारांना डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. तो जेवेना, झोपेना किंवा जगून काय करू म्हणाला, तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. मराठीत बोलता येतं, रात्रीही, पैसे लागत नाहीत.

चुकून त्याचं जुनं नाव तोंडात आलं तर दुरुस्त करा आणि पुढचं बोला. माफी मागत बसलात तर तुमची समजूत त्यालाच काढावी लागते.