गुडघ्याचं त्याला आधी सांगा

प्रश्न : मी ५६ वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. कॉलेजातला माझा एक मित्र आज नावाजलेला संगीतकार आहे. गेली सहा वर्षं प्रत्येक नवी चाल तो आधी मला पाठवतो. 'तू आहेस म्हणून सुचतं' म्हणतो. पाश्चात्त्य संगीताचाही त्याचा अभ्यास आहे. आपलं नातं चेक संगीतकार यानाचेक आणि त्याची मैत्रीण कामिला यांच्यासारखं, असं त्याचं म्हणणं. आमच्यात वावगं काही नाही, माझ्या मिस्टरांना सगळं ठाऊक आहे. पण हल्ली त्याच्या बायकोला हे खुपतं. डिसेंबरात माझा गुडघा बदलला, तेही मी त्याला कळवलं नाही, उगाच तंद्री मोडायला नको म्हणून. ही मैत्री थांबवावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, त्याच्या बायकोबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंत, ते मी छापलंच नाही. तिला जे खुपतं ते तिनं आपल्या नवऱ्याला विचारावं. मी अडकले ती गुडघ्यापाशी.

गुडघा बदलणं म्हणजे दाढ काढणं नव्हे. वॉकर, कमोडवर बसवलेली उंच सीट, रोज येऊन पाय वाकवणारी ती फिजिओथेरपीवाली निर्दय मुलगी, रात्री बर्फाची पिशवी. त्या दिवसांतही त्याच्या चाली येत असणारच. आणि स्वतःला जिना उतरता येत नसताना तुम्ही 'वा, अंतरा काय सुंदर उतरलाय' असं लिहून पाठवत असणार. सहा वर्षांची मैत्री, आणि तुमच्या पायाला टाके पडले हे त्या माणसाला माहीत नाही! मला तर रागच आला. त्याचा थोडा, तुमचा जास्त.

आता ते यानाचेक प्रकरण. मित्रानं तुम्हाला त्यातलं सोयीचं तेवढंच सांगितलेलं दिसतं. १९१७ च्या उन्हाळ्यात मोरावियातल्या लुहाचोवित्से या आरोग्यस्थानी लेओश यानाचेकला कामिला स्टोसलोव्हा भेटली. तो ६३ वर्षांचा, ती पंचविशीची, दोन मुलांची आई. पुढच्या अकरा वर्षांत त्यानं तिला सातशेच्या वर पत्रं लिहिली. 'कात्या कबानोव्हा' या ऑपेराची नायिका तिच्यावरून रंगवली, आणि १९२८ मध्ये दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) तीनेक आठवड्यांत लिहून काढलं, त्याचं नाव 'अंतरंग पत्रं'. इथवर तुमच्या मित्रानं सांगितलं असेल.

पण कामिलाला संगीतात फारसा रस नव्हता, आणि तसं भासवायच्या भानगडीतही ती पडली नाही. तिची पत्रं आखूड, घरगुती. बरं नाही, मुलं, नवरा, असलंच काही. यानाचेकची तंद्री मोडेल म्हणून तिनं आपलं दुखणंखुपणं झाकून ठेवलं नाही. युद्धाच्या टंचाईत तिच्या नवऱ्यानं यानाचेकांच्या घरी खाण्यापिण्याच्या जिनसा पोहोचवल्या. पिसेक गावी तिच्या घरी यानाचेक पाहुणा म्हणून जाई. शेवटच्या उन्हाळ्यात, ऑगस्ट १९२८ मध्ये, ती धाकट्या मुलाला घेऊन हुकवाल्डीला त्याच्याकडे राहायला गेली होती. तिथंच तो आजारी पडला आणि १२ तारखेला ओस्त्रावाच्या दवाखान्यात न्युमोनियानं गेला.

पत्रांत यानाचेकनं तिचं कितीही सोनं केलं असो (आणि केलंच, बाई प्रत्यक्षात अशी असेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही), पिसेकची घरसंसारातली कामिला त्याला माहीत होती. तुमच्या मित्राला साताऱ्याच्या तुम्ही माहीत आहात का? की चाल ऐकून 'वा' म्हणणारा एक आवाज तेवढा ओळखीचा आहे?

मैत्री थांबवायची की नाही, हे आत्ता ठरवूच नका. आज त्याला फोन करा. मेसेज नाही, फोन. 'बरं, नवीन काय?' असं तो म्हणायच्या आत डिसेंबरपासूनचं सगळं सांगा. भूल, टाके, कमोडची सीट, रात्रीचं रडणं. 'जाऊ दे, आता बरं आहे' असं मध्येच म्हणू नका. ती तुमची सवय पत्रातही दिसते. दहा मिनिटं बोला आणि मग गप्प बसा. तो काय म्हणतो ते ऐका. लगेच 'बरं ऐक, एक मुखडा सुचलाय' असं आलं, तर मला पुन्हा लिहायची गरज पडणार नाही.

फोन व्यायाम झाल्या झाल्याच करा. तेव्हा गुडघा ठणकत असतो, आणि ठणकत्या गुडघ्यानं तुम्हाला नेहमीसारखं गोड बोलता येणार नाही.