वायुप्रदूषणाच्या उत्सर्जनाचे अंदाज दरवर्षी वेगळे का येतात? जुन्या वर्षांचे आकडेसुद्धा नंतर कसे काय बदलतात?

उत्सर्जन थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात : किती इंधन जळलं, गुणिले दर किलोमागे किती धूर. हे तुम्हाला ठाऊक असणारच. हे दोन्ही आकडे बदलत राहतात. त्यातला पहिला कसा येतो, ते मी बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून पाहिलंय.

कॉलेजनंतर मुंबईत, कुठे किती इंधन जळतं याच्या एका पाहणीचं काम करत होतो. बेकरीत पहाटेच जायचं, कारण पाव तेव्हा निघतो आणि मालकही तेव्हाच भेटतो. फॉर्मवर प्रश्न एकच : रोज किती लाकूड? मालक म्हणायचे, "लिहा ना शंभर किलो." शेजारच्या बेकरीतही शंभर. शेवटी एका ठिकाणी भट्टीवाल्या चाचांना विनंती करून दिवसभराचं लाकूड काट्यावर चढवलं. बरंच जास्त भरलं. आणि लाकूड तरी कसलं, पाडलेल्या घरांच्या चौकटी, मोडकं फर्निचर, रंग दिलेलं प्लायवूड! त्याचा धूर आणि सुक्या बाभळीचा धूर सारखाच धरायचा? फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. मी समासात लिहून दिलं.

ऑफिसात वरिष्ठ म्हणाले, "मागच्या आकड्याशी जुळत नाही. एवढी वाढ कशी दाखवणार?" मी म्हटलं, "सर, वाढ झालेली नाही, आधी वजनच केलं नव्हतं. मागची वर्षंही याच पद्धतीने पुन्हा काढू." ऐकलं नाही. शंभरच कायम राहिले. मला ते आजही पटलेलं नाही.

ब्रिटनने हेच नीट केलं. तिथे पीएम 2.5 मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या उत्सर्जनात, घरगुती लाकूड जाळण्याचा वाटा 38 टक्के धरला जात होता. 2022 मध्ये जाहीर झालेल्या आकडेवारीत तो 17 टक्के झाला. एका वर्षात लोकांनी शेगड्या विझवल्या नव्हत्या. लोक किती लाकूड जाळतात याची नवी पाहणी झाली आणि मागची वर्षंही सुधारली. जुने आकडे बदलले म्हणजे लबाडी, असं म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. न बदललेल्या आकड्याकडे जास्त संशयाने बघा.

गाड्यांचंही तेच. आरटीओच्या नोंदीतल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर धरल्या, तर भंगारात गेलेल्याही धूर सोडत राहतात.

अर्थात काही फरक खरेही असतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं, इंधनातलं गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भागांवर) आलं. त्याच वर्षी लॉकडाऊनही होता. आणि हिवाळ्यात हवा बिघडते ती बरीचशी वारा पडल्यामुळे, तेव्हा एक्यूआयवरून, म्हणजे हवा किती खराब ते सांगणाऱ्या निर्देशांकावरून, उत्सर्जन वाढलं की घटलं हे ठरवू नका. दोन वेगवेगळ्या अहवालांतली दोन वर्षं शेजारी ठेवून तुलना करू नका. ताज्या अहवालातली सगळी वर्षं एकत्र बघा. मागची वर्षं त्यात नव्याने काढलेली नसतील, तर "इतके टक्के घट" हा दावा मी तरी मानत नाही, सांगणारा कितीही मोठा साहेब असो.