रजा एकाची, तूट घराची

अरे, तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला आणि सोबतची एक्सेल शीटही उघडून बघितली. शीट मन लावून केलीयेस, घराचा हप्ता, विमा, बाळाचा खर्च, सगळं वेगवेगळं धरलंयस. पण उजवीकडे एक रकाना आहे, 'तिच्याकडून येणं'. बाळ झाल्यावर तुझ्या बायकोचा पगार कमी होणार, म्हणून तिचा निम्मा वाटा दर महिन्याला अपुरा पडतो आणि तू तो अपुरा भाग पुढच्या महिन्यात ओढत नेलायस, आणि अगदी खालच्या ओळीत ती तुला चांगली दोन-तीन पगारांएवढी रक्कम देणं लागते. त्याखाली तू विचारलंयस, ताई, ती कामावर परत गेली की हळूहळू फेडेल असं ठेवू, का मी ते माफ करून टाकू?

तुझ्या मनात वाईट काही नाही हे मला माहितीये. तुम्ही पहिल्यापासून निम्मं-निम्मं करत आलात आणि दोघांनाही ते बरोबर वाटत आलं. मूल दोघांचं, काम दोघांनी करायचं, हे तुला सांगायची गरजच नाही, ते तू मानतोस म्हणून तर विचारतोयस. मी बोलतेय ते त्या रकान्याबद्दल. माफ करायला मुळात ते तुझं येणंच नाहीये. तिचा पगार कमी होणार आहे कारण तुमच्या बाळापाशी कुणीतरी पूर्ण वेळ हवंय आणि ते काम ती करणार आहे. रजा एक माणूस घेतो, तूट घराची असते. मला सांगायचंय ते एवढंच आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

निम्मं-निम्मं हे दोन्ही पगार चालू असतात तोवर ठीक चालतं. एक जण रजेवर गेला की ते मोडतं, आणि मोडलं की बहुतेक जोडपी तू केलंस तेच करतात, जुना नियम तसाच ठेवून उधारी मांडतात. त्यापेक्षा सरळ हे कर. दोघांचे पैसे, पगार असो की रजेचा भत्ता, एका जॉइंट खात्यात आणा. घरखर्च, हप्ते, बाळाचं सगळं तिथून जाऊ दे. मग दोघांच्या स्वतःच्या खात्यात सारखी रक्कम, जिचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही, आणि रजेवर कोण आहे याने त्या रकमेत काडीचाही फरक पडता कामा नये. काहींना सगळं एकत्र करणं नको वाटतं, त्यांनी कमाईच्या प्रमाणात वाटा ठेवावा. तेही चालेल, पण मग प्रमाण रजेच्या पहिल्या महिन्यापासून बदलायचं, नंतर बघू म्हणून नाही. आणि तरी मला ती पद्धत अर्धवटच पटते, कारण तिच्यात रजेवरच्या माणसाच्या हातात शेवटी कमीच उरतं.

मी हे एवढं का ताणते ते सांगते. पहिल्या मुलीच्या वेळी सगळी रजा मीच घेतली, पुढचा काही काळ तर बिनपगारी. आमचंही तुमच्यासारखंच होतं, तुझं तू माझं मी. माझा वाटा मी माझ्या साठवणीतून भरत राहिले. नवऱ्याने मागितला नव्हता, मीच भरला, कारण मला कुणाच्या जिवावर राहायचं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या चष्म्याची काडी तुटली. मी ती दोऱ्याने बांधली आणि कितीतरी दिवस तसाच चष्मा वापरला, बाळाला घ्यायला वाकलं की तो एका बाजूला घसरायचा आणि मुलगी नेमका तो दोरा पकडून ओढायची. नवऱ्याला म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी दुरुस्त करून आणला असता, तो माणूसच तसा आहे. पण मागावं लागणार होतं ना! स्वतःच्या पगाराची सवय असलेल्या माणसाला असं मागणं किती जड जातं हे तुला आत्ता कळणार नाही आणि तुझी बायको ते तुला सांगायची नाही. काडी नंतर बदलली. साठवण मात्र पुन्हा कधी तेवढी झाली नाही. आता निवृत्ती जवळ आली म्हणून आम्ही दोघांच्या फंडाचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले, तर माझ्याकडे त्या काळाचा खड्डा आहे, आणि तो तेवढाच राहिलेला नाही, त्या पैशावर इतक्या वर्षांत जे व्याजावर व्याज चढलं असतं तेही गेलं. त्याच्या फंडात एकही महिना चुकलेला नाही. मूल दोघांचं आणि झळ एकाच फंडाला. याची चुटपुट मला अजून लागते.

म्हणून फंडाचं आधी ठरवा. तिची निवृत्तीची कपात रजेच्या काळात बंद पडणार असेल तर तेवढी रक्कम घराच्या खात्यातून तिच्या नावावर जायला हवी. तेवढं परवडत नसेल तर दोघांचीही कमी करा, पण तुझी चालू आणि तिची बंद, असं नको. काही देशांत सरकारसुद्धा हे थोडंफार मान्य करतं. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे सांभाळणाऱ्या पालकाच्या पेन्शनमध्ये ३ वर्षं धरतात. ब्रिटनमध्ये चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलासाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज ज्याच्या नावाने असतो त्याला मूल १२ वर्षांचं होईपर्यंत नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी धरलं जाणारं, क्रेडिट मिळू शकतं, आणि म्हणून तो अर्ज घरी असलेल्या पालकाच्या नावाने करायचा असतो. तुम्ही जिथे असाल तिथे असं काही आहे का ते शोधा, नसेल तर घराने करायचं.

आणि पाळणाघराच्या फीबद्दल एकदाच बोलते, कारण याचा मला राग येतो. तू लिहिलंयस की फी गेल्यावर तिच्या पगारातलं फारसं उरतच नाही, मग तिने परत जाण्यात अर्थ आहे का. अरे, फी तिच्याच पगारातून का वजा केलीस? पाळणाघर तुझ्यासाठीही आहे, ते नसेल तर तूही ऑफिसला जाऊ शकत नाहीस. ती दोघांच्या एकत्र कमाईतून वजा कर आणि मग बघ. शिवाय फी काही वर्षांनी कमी होते, पण नोकरी सोडलेल्या बाईला त्याच पगारावर परत घेणारा भेटायला नशीब लागतं.

आता तुझी रजा. 'माझा पगार जास्त आहे, मी रजा घेतली तर नुकसान जास्त.' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय आणि म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी खरंच गणित केलेलं असतं. तुझ्या शीटमध्येही नाहीये. गणित असं कर. तुझ्या पूर्ण पगारातून नाही, हातात येणाऱ्या पगारातून रजेचा भत्ता वजा कर. जिथे कमाईच्या टप्प्यांप्रमाणे कर वाढतो तिथे वरचा पैसा गेला की त्यावरचा करही जातो, म्हणजे खरी तूट कागदावरच्या तुटीपेक्षा कमी असते. भत्त्याला वरची मर्यादा आहे का तेही बघ, कारण तुझ्यासारख्याला फटका बसतो तो तिथे. एवढं करून जो आकडा येईल तो बारा महिन्यांवर पसर. तो आकडा मोठा असेलही, मी नाही म्हणत नाही. पण मग त्याच्याशेजारी दुसरा आकडा मांड, तिने एकटीने सगळी रजा घेतली तर पुढच्या दहा वर्षांत तिची किती वाढ, किती बढत्या हुकतील त्याचा. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय की पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळ साधारण २० टक्क्यांनी मागे राहते, पुरुषांच्या कमाईला जवळपास धक्काच लागत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेही बायकांच्या कमाईवरच्या कामासाठी, आणि स्त्री-पुरुषांच्या पगारातली आजची तफावत मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलापासून सुरू होते हे त्यात आहे. तू पाच-सहा महिन्यांचं नुकसान मोजतोयस, ते वर्षानुवर्षं चालतं. आणि ते तिचं नाही, घराचं आहे. त्याच घरात तू म्हातारा होणार आहेस.

जगभरात काय झालंय बघ. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा बदलून ती दोघांपैकी कुणीही घ्यावी अशी केली. बापांनी आपला वाटा बहुतेक आयांना देऊन टाकला. शेवटी १९९५ मध्ये एक महिना, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा असा राखीव केला, आता ४८० दिवसांपैकी प्रत्येक पालकाचे ९० दिवस दुसऱ्याला देताच येत नाहीत. नॉर्वेने १९९३ मध्ये बापाचा कोटा ठेवला, त्याआधी रजा घेणारे बाप मोजके होते, काही वर्षांत बहुतेक जण घ्यायला लागले. जर्मनीत २००७ पासून दोघांनी किमान दोन-दोन महिने घेतले तर १२ ऐवजी १४ महिन्यांचा भत्ता मिळतो. आणि ब्रिटनमध्ये २०१५ पासून आईने आपल्या रजेतून बापाला रजा काढून द्यायची अशी सोय आहे, तर ती फार थोडे बाप घेतात. जी रजा देऊन टाकता येते ती आईच्याच अंगावर येते. भारतात २०१७ च्या दुरुस्तीपासून आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, बापाला केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आणि खासगीत कायद्याने काहीच नाही. तुझ्या कंपनीत जे काही मिळत असेल त्यातलं तुझ्या नावाचं सगळं घे. एक दिवसही वाया घालवू नकोस.

आणि ती रजा तिच्या रजेसोबतच घेऊन संपवू नकोस. पहिले काही आठवडे दोघांनी घरी राहायलाच हवं, तिचं शरीर सावरायचं असतं, झोप नसते. पुढेही सुरुवातीची लांब रजा तिची असणं साहजिक आहे, जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्या म्हणते. पण तुझी खरी रजा ती कामावर गेल्यावर. तू आणि बाळ, घरी तिसरं कुणी नाही. ती घरात असेपर्यंत तू कितीही कर, लक्षात ठेवणारी तीच राहते, लस कधी, डायपर संपत आलेत का, ताप किती झाला की डॉक्टरांना फोन करायचा. हे एकट्याने केल्याशिवाय येत नाही, कुणालाच नाही, तिलाही एकटीनेच करून आलेलं असतं.

दुसऱ्या वेळी मी अडून बसले. नवऱ्याला म्हटलं, पुढची रजा तू घेशील, आणि घराचं खातं एक होईल, नाहीतर दुसरं मूल नको. हो, एवढ्या शब्दांत म्हटलं. त्याने घेतली. त्याच्या साहेबांनी विचारलं, बायको आजारी आहे का? पुढच्या वर्षी त्याचं प्रमोशन लांबलं आणि नातेवाइकांत ते अजूनही माझ्या नावावर जमा आहे. मला हिशोबी म्हणतात, हट्टी म्हणतात, म्हणू देत. पहिल्या वेळी माझं प्रमोशन लांबलं होतं तेव्हा एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, कारण बाईचं लांबायचंच असं सगळ्यांनी धरलेलं. दुसऱ्या वेळची तूट आम्ही वाटून घेतली आणि म्हणून ती दिसली. मी पुन्हा तसंच करेन. नवऱ्यालाही विचार हवं तर, तो काय सांगेल ते मला माहितीये, धाकट्याला ताप आला की तो आजही पहिला फोन बापालाच करतो.

बरं, हातात वेळ आहे तोवर एक काम करा. पुढच्या महिन्यापासून रजेत जेवढे पैसे येणार आहेत तेवढ्यातच घर चालवून बघा, वरचे सगळे वेगळ्या खात्यात टाका. काय जमतं काय नाही हे बाळ यायच्या आधी कळतं आणि रजेसाठी शिल्लकही पडते. तुला जुळेना असं झालं तर ते तेव्हाच बदलता येईल. विम्यात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं तेही आत्ताच विचारून ठेव, आणि आयुर्विमा दोघांचा हवा, रजेवर असलेल्याचाही, ती कमवत नाही त्या महिन्यांत तिच्या कामाला किंमत नाही असं विमावाले समजत असतील, तू समजू नकोस.

आणि ऑफिसात साहेबांना तोंडी विचारत बसू नकोस, ते हसून वेळ मारून नेतील. एचआरला मेल टाक. मला किती रजा मिळते, सलग घ्यावी लागते की तुकड्यांत चालते, किती दिवस आधी कळवावं लागतं, त्या काळात कपात चालू राहते का, वाढ आणि बोनस धरताना रजेचे महिने मोजतात का. उत्तर लेखी घे. तिलाही तिच्या ऑफिसात हेच विचारायला सांग. बऱ्याच ठिकाणी आगाऊ सूचना काही आठवडे आधी द्यावी लागते, तुमच्याकडे अजून तेवढा अवधी आहे, पण फार नाही, तेव्हा मेल याच आठवड्यात जाऊ दे.