बाबांची ओळ उसवू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

भावाच्या पदवीसाठी तू शिवायला घेतलेल्या वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, पाठवलेला फोटो मोठा करून दोनदा पाहिला. वाकळीच्या डाव्या कडेची ती ओळ वीतभर नीट जाते आणि मग खाली घसरते. एक टाका गव्हाएवढा, पुढचा बोटाच्या पेराएवढा. खाली तुझा प्रश्न : "काकू, बाबांची ओळ रात्री उसवून मी परत घालू का? त्यांना कळणार नाही."

उसवू नकोस. आणि कळणार नाही हे तुला कुणी सांगितलं?

माझी मुलगी बी.कॉम. झाली त्या वर्षी मी पहिली वाकळ शिवायला घेतली. वरचा पदर सासूबाईंच्या जांभळ्या इरकली लुगड्याचा, आत माझ्या दोन सुती साड्या. सासूबाई तेव्हा ७८ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका दुपारी म्हणाल्या, "मला पण सुई दे." मी दोरा ओवून द्यायचे, त्या बोटांनी कापड चाचपत टाका घालायच्या. दोन दुपारी बसून त्यांनी एक ओळ पुरी केली. त्याच रात्री मी ब्लेडने ती उसवली आणि तिथे माझी सरळ ओळ घातली. सकाळी त्या वाकळीपाशी आल्या, कडेवरून बोट फिरवत गेल्या आणि कोपऱ्यावर थांबल्या. तिथे त्यांनी दुहेरी गाठ मारली होती, ती नव्हती. हात मागे घेतला, म्हणाल्या, "चहा टाक." त्यानंतर त्यांनी सुई कधी मागितली नाही.

का उसवली ते सांगते, कारण तुझ्याही मनात आज तेच आहे. आमच्या घरातली ती पहिली पदवी. मुलीच्या मैत्रिणी येणार, पेढे होणार, वाकळ पलंगावर पसरलेली असणार. सगळं नीटनेटकं दिसावं असं वाटलं, यात वाईट काय होतं? माझा हात चांगला आहे, सगळे तसं म्हणतात. पण आज त्या वाकळीत सगळ्या ओळी माझ्या आहेत, आणि ती माझी एकटीची शिवण झाली. घराची झाली नाही.

तू भावासाठी जे सुरू करते आहेस ते साधं नाही. बाळ जन्मायच्या आधी आपण जुन्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवून ठेवतो. लग्नाला मुली महिनोन्‌महिने रुखवत करतात. पदवीला मात्र हाताचं काही नाही. औक्षण, पेढे, फार तर घड्याळ, आणि भाड्याच्या गाऊनमधला फोटो. कारणही उघड आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, त्याची पहिली बी.ए.ची तुकडी, न्यायमूर्ती रानडे होते ती, १८६२ सालची. आणि तुझ्यामाझ्यासारख्या घरांत पदवी आली ती आत्ता आत्ता. जी गोष्ट घरात नव्हतीच, तिच्यासाठी आजीने काय शिवायचं? म्हणून आता जे ठरेल तेच पुढे चालेल. पहिल्याच वाकळीत बापाची ओळ उसवलीस, तर घरात हेच ठरेल की ज्याला जमत नाही त्याने हात लावू नये.

आई म्हणते शिवणाऱ्या बाईंना देऊन टाकू, महिनाभरात मिळेल. त्या बायकांचा हात सोन्याचा असतो. पाहुण्यांच्या अंथरुणासाठी त्यांच्याकडून खुशाल घे, घासाघीस न करता घे. ही नको.

वेळ नाही हेही मला सांगू नकोस. पाच फूट रुंद, सात फूट लांब वाकळ, ओळींत पाऊण इंच अंतर, म्हणजे साधारण ८० ओळी. एका ओळीला अर्धा-पाऊण तास. रोज एक तास बसलीस तर दोन महिन्यांच्या आत होते, आणि घरात चार माणसं आहेत.

कापडाचं मात्र नीट ऐक. सुतीच घे, नायलॉन आत सरकतं आणि उबही देत नाही. आधी धुऊन खळ काढ, रंग जातो का पाहा. जुन्याबरोबर कोरं कापड लावू नकोस, पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुन्याला ओढून फाडतं. सगळे थर जमिनीवर ताणून पसर, कडांवर पाटे-वरवंटे, जे जड असेल ते ठेव, आणि कच्चे टाके घालून घे. मग कडेपासून आत धावदोरा. कच्चे टाके शेवटी काढायचे. उसवायचं ते तेवढंच.

मुलाच्या डिप्लोमाच्या वेळी मी सगळ्यांना बसवलं. नवरा, दीर, कॉलेजातली पुतणी, कुणाला सोडलं नाही. वाकळ चार महिने उशिरा झाली. मुलगा तोवर नोकरीला लागून पुण्याला गेला होता, आणि घरात अजून ऐकवतात की हिच्या हट्टापायी कार्य साधलं नाही. साधलं. दिरांची ओळ मध्येच तुटली आहे, कारण त्यांना शेतावर जावं लागलं. पुतणीने तिथून पुढे वेगळ्या रंगाचा दोरा घेतला. मुलगा सुट्टीत आला की ती वाकळ उलगडून तो हिरवा दोरा शोधतो. मी खोटं कशाला सांगू, पहिल्या वाकळीत शोधायला काही नाही. मुलीने ती नीट घडी करून कपाटात ठेवली आहे.

बाबांना विचार, दुसरी ओळ घालणार का. बहुतेक नाही म्हणतील, मग परत विचार. त्यांच्यासाठी मोठ्या नेढ्याची सुई घे आणि दोरा तू ओवून दे.

रविवारी दुपारी वाकळ घेऊन ये. तुझा पांढरा दोरा संपत आला असेल, माझ्याकडे दोन रिळं आहेत. ती ओळ मला हात लावून पाहायची आहे.

तुझी,
काकू