काळी एक की पांढरी दोन?

प्रश्न : रेकॉर्डर या फुंकवाद्याच्या चौकडीने वाजवलेली, जर्मन संगीतकार बाखची 'आर्ट ऑफ फ्यूग' ही रचना नुकतीच ऐकली. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर डी मायनर, म्हणजे पांढरी दोन, असे छापले आहे. पण पेटीवर दोनदा पडताळूनही षड्ज काळी एकवरच लागतो. दुसऱ्या एका संचाने हीच रचना पुष्कळ जलद वाजवली आहे. यांत चूक कोणाची? शिवाय मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, पट्टी असूनही ती मला दुःखी वाटत नाही, हा माझ्या कानाचा दोष समजावा का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपली पेटी आणि आपला कान दोन्ही ठीक आहेत. वेष्टनावरील पट्टी बाखने कागदावर लिहिलेली आहे, कानावर पडणारी नव्हे. आजच्या पेटीतील 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा असतो, तर बरोक, म्हणजे बाखच्या, काळातील संगीत जुन्या धर्तीच्या वाद्यांवर वाजवणारे बहुतेक कलावंत तो ४१५ला मिळवतात. हा फरक जवळजवळ नेमका अर्ध्या स्वराचा असल्यामुळे लिहिलेली पांढरी दोन आपल्याला काळी एक ऐकू येते. खुद्द बाखच्या काळी गावोगावचा मेळ, म्हणजे स्वर मिळवण्याची उंची, वेगळा होता, आणि ४१५ हा आकडा अलीकडच्या वादकांनी सोयीसाठी ठरवून घेतला आहे, कारण हार्प्सिकॉर्ड या पियानोपूर्व पट्ट्यांच्या वाद्याची स्वरपट्टी एक घर सरकवली की तेच वाद्य दोन्ही मेळांत चालते. आपल्या गायकाने स्वतःच्या गळ्याचा सा धरावा, तसेच हे समजा.

गतीविषयी थोडक्यात सांगायचे, तर मेट्रोनोम हे ठोके देऊन गती दाखवणारे यंत्र १८१५चे आणि बाख १७५०मध्येच निवर्तला, त्यामुळे त्याने आकड्यात गती लिहून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. बाखचा समकालीन बासरीवादक क्वांट्झ याने १७५२च्या आपल्या ग्रंथात मिनिटाला सुमारे ८० ठोके पडणारी नाडी प्रमाण मानली आहे. पण नाडीदेखील प्रत्येकाची निराळीच. या रचनेचे वाद्यही बाखने नेमून दिलेले नाही, तेव्हा दोन संचांच्या गतीत अंतर पडणारच.

खरी गंमत भावाची आहे. काळी एकचा सा धरून सा, प, कोमल ग, सा आणि मग मंद्र शुद्ध नी, सा, रे, कोमल ग असे सावकाश वाजवून पाहा : पहिल्या फ्यूगचा (एकच धून अनेक आवाज एकामागून एक उचलतात अशा रचनेचा) विषय, म्हणजे मूळ धून, सुरू होईल. कोमल ग आणि शुद्ध नी यांमुळे कीरवाणी रागाची आठवण येईल, मात्र दुसरा आवाज हाच विषय पंचमावरून उचलतो आणि पुढे षड्जच स्थलांतर करू लागतो, तेव्हा रागाचा हट्ट सोडावा. मायनर म्हणजे रडणे, हे समीकरण त्या काळाला लावणे मला तरी पटत नाही. त्याच काळातील जर्मन संगीतलेखक माथेसन याने १७१३मध्ये डी मायनरला भक्तिभावाची, शांत, भारदस्त आणि समाधानी म्हटले होते.

त्यातच रेकॉर्डर हे आपल्या अलगुजाच्या जातीचे, उभे धरून फुंकायचे वाद्य असल्याने जोरात फुंकले तर स्वर चढतो आणि हळू फुंकले तर उतरतो, म्हणून आवाज लहानमोठा करून भाव दाखवण्याची वाट वादकाला जवळजवळ बंदच असते. तो जिभेने 'तु' किंवा 'दु' असा आघात देऊन, स्वर किंचित आधी तोडून किंवा लांबवून बोलतो. पुढच्या वेळी खालच्या, म्हणजे बास रेकॉर्डरकडे कान द्या. त्याला हवा फार लागते, आणि त्याने श्वास कोठे घेतला हे चांगल्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते.