आजोबांचा वाढदिवस 1 जूनलाच का?

चि. सईस अनेक आशीर्वाद.

आजोबा, त्यांचे धाकटे भाऊ आणि शेजारचे काका, तिघांचाही वाढदिवस 1 जूनलाच कसा, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर गावच्या शाळेच्या कपाटात आहे.

पूर्वी खेड्यात शाळेला इमारतच नसे. पंतोजी देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर मुलं बसवत. धूळ पसरलेल्या धुळपाटीवर अक्षरं गिरवायची, पावकी-निमकी-औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करायचे. 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे 1 आणा लोकल फंड नावाचा कर बसला, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना मिळू लागला. 1923 च्या कायद्याने या शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या ताब्यात गेल्या. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा त्यांच्याकडे. खोली एक, गुरुजी एक, इयत्ता चार. पण सरकारी पैसा आला की कागद आलाच, आणि शाळेचा मुख्य कागद म्हणजे जनरल रजिस्टर.

त्यात प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ: अनुक्रमांक, नाव, वडील, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख (आकड्यांत आणि अक्षरांतही), दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवता येत नसे. आई सांगे, "पोळ्याच्या पुढं-मागं झाला, त्या साली लई पाऊस होता." मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण! लांब हातांचं पोर पाचव्या वर्षीच पास व्हायचं, आखूड हातांचं सातव्या वर्षीही घरी परत. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून तिथून सहा वर्षं मागे मोजायची आणि 1 जून लिहून टाकायचं. त्यात लबाडी नव्हती, रकाना भरायची ती सोय होती.

ही सोय जन्मभर पुरते. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून निघतो, आणि त्यावरून नोकरी, पासपोर्ट. सरकारी नोकर ज्या महिन्यात वयाची अट पूर्ण करतो त्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण 1 तारखेला जन्मलेला आधीच्या महिन्याअखेरीस. म्हणून आपल्याकडे 31 मेला निरोपसमारंभांची झुंबड असते.

खरी तारीख हवी असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना 14), बघावं लागतं. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात आणि बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच. भावंडं जास्त असली की कोणता मुलगा, इथेच गाडी अडते.

रजिस्टरातला उतारा मुख्याध्यापक देतात. जाताना दाखल झाल्याचं अंदाजे वर्ष माहीत हवं, नाहीतर पानन् पान उलटावं लागतं. आडनावावर विसंबू नकोस, जुन्या नोंदीत ते कधी नसतं, कधी वेगळंच असतं. आजीची नोंद शोधायची तर कन्याशाळेचं रजिस्टर वेगळं होतं का, ते आधी विचार. जातीच्या दाखल्यासाठीही लोक हीच पानं शोधतात: ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. त्यामुळे वाळवी लागलेलं रजिस्टरसुद्धा कुलुपात असतं, आणि ते बरंच आहे.

आजोबांना शुभेच्छा मात्र 1 जूनलाच दे.

तुझा,
बाबा