डिसेंबरचा मुलगा, पहिलीत घालू का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा डिसेंबरचा आहे, येत्या जूनमध्ये साडेपाच वर्षांचा होईल. शाळा म्हणते नियमात बसतो, पहिलीत घाला. शंभरपर्यंत आकडे म्हणतो, इंग्रजी कविता पाठ आहेत, पण लिहायला बसवलं की पाच मिनिटांत हात दुखतो म्हणतो. शाळेत शू लागली तरी बाईंना सांगत नाही, कपडे ओले करून घरी येतो. मला अजून एक वर्ष सीनियर केजीत ठेवावंसं वाटतंय. सासूबाई म्हणतात वर्ष फुकट जाईल. काय करू? - एक आई, नाशिक

उत्तर : ठेवा. तुम्हाला आतून वाटतंय ते बरोबर आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण होत असतील तर त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो, पण मिळतो म्हणजे घ्यायलाच हवा असं नाही ना. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला ६ पूर्ण लागतात, तिथे तुमच्या बाळाला यंदा घेतलंच नसतं. आणि त्याच वर्गात जानेवारीचं मूल असेल तर ते जूनमध्ये जवळजवळ साडेसहाचं असतं, म्हणजे ११ महिन्यांनी मोठं, आणि या वयात ११ महिने म्हणजे खूप हो.

मी २२ वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय. आकडे आणि कविता पाठ असणं यावरून मला काहीच कळत नाही, ते कुठलंही मूल ऐकून ऐकून म्हणतं. मी बघते डबा स्वतः उघडतो का, बटण लावतो का, गोष्ट दहा मिनिटं ऐकून मग पुढे काय झालं विचारतो का, आणि काही हवं असलं तर परक्या मोठ्या माणसाला सांगतो का. शू सांगता न येणं यात हट्ट नाही, ४० मुलांच्या वर्गात बाईंपर्यंत जायची त्याला भीती वाटते. आणि हात दुखतो म्हणतो तेही खरंच असतं, या वयात मनगटाची हाडं पूर्ण तयार झालेली नसतात. पेन्सिल थोडी बाजूला ठेवा, कणीक मळू दे, मटार सोलू दे, कात्रीने कागद कापू दे.

सासूबाईंना एवढं सांगा की चौथीपर्यंत कुणाला मागे ठेवत नाहीत, त्यामुळे मूल मागे पडलं तरी पुढे ढकललं जातं. पाचवीला मात्र वार्षिक परीक्षा आहे, त्यात नापास झाला तर पुन्हा परीक्षा देता येते, पण तीही नाही जमली तर त्याच वर्गात ठेवतात. दहा वर्षांच्या मुलाला ते किती लागतं ते मी पाहिलंय. आत्ता केजीत एक वर्ष जास्त राहिला तर त्याला फार काही वाटणार नाही, शाळेला मात्र जूनची वाट न बघता आत्ताच लेखी कळवा.

बाळासमोर "मागे ठेवलं" हा शब्द कुणी काढू नका, "पुढच्या जूनला पहिली" एवढंच म्हणा. त्याचा जवळचा मित्र पहिलीत गेला की दोन-चार दिवस रडेल, त्या मित्राला रविवारी घरी खेळायला बोलवा.